टेप गुंडाळण्याआधी पाइपची वळणे पाहा

मा. संपादक,
यांस सप्रेम नमस्कार.

मार्च संपत आला की अकोल्यात एसी बसवणाऱ्यांची धावपळ सुरू होते. पारा ४५ अंशांकडे सरकू लागतो, आता कूलरवर भागत नाही असे वाटणारी कुटुंबे हप्त्याने का होईना स्प्लिट एसी घेतात, आणि एकेका कारागिराला दिवसात चार-पाच घरे उरकावी लागतात. या घाईत एक लहानशी गोष्ट बिघडते, ती पांढऱ्या टेपखाली झाकली जाते आणि तिचा भुर्दंड ग्राहक पुढे अनेक उन्हाळे भरत राहतो. ती गोष्ट म्हणजे तांब्याच्या पाइपचे पिचकलेले वळण. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत तीसहून अधिक वर्षे मुलांना पाइप कापायला, वाकवायला आणि जोडायला शिकवण्यात गेली असल्यामुळे या विषयावर लिहिणे मी माझे कर्तव्य समजतो. आपण थोडी जागा द्यावी, ही विनंती.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीकडे दीड टनाचा नवा एसी बसला. पहिल्या महिन्यापासूनच खोली हवी तशी गार होईना. दुकानातून आलेल्या माणसाने बाहेरच्या युनिटला दाब मोजायचे गेज लावले, दाब कमी दिसला, म्हणून गॅस कमी असल्याचे सांगून त्याने गॅस भरला आणि पैसे घेतले. तीन आठवड्यांनी पुन्हा तीच तक्रार आणि पुन्हा तोच उपाय झाला. शेवटी मी स्वतः घरातले युनिट भिंतीपासून थोडे पुढे घेऊन मागचा टेप सोडला. आम्ही ज्याला चार सुती म्हणतो तो अर्ध्या इंचाचा पाइप भिंतीच्या भोकात शिरण्यापूर्वी नुसत्या हाताने दाबून वळवलेला होता, आणि वळणाच्या पोटात आडवी घडी पडून तेथे नळी जवळजवळ चपटी झाली होती. गॅस कोठेही गळत नव्हता, त्याची वाटच अडली होती, आणि दोन वेळा भरलेला गॅस निव्वळ जास्तीचा होता.

ज्याने तो एसी बसवला होता, त्या मुलाला मी बोलावून घेतले. तो प्रामाणिकपणे म्हणाला, “काका, पाइप वाकवायचा बेंडर दुकानात एकच आहे, तो त्या दिवशी दुसऱ्या गाडीबरोबर गेला होता.” त्याला प्रत्येक घरामागे ठरावीक रक्कम मिळते, वळण नीट केले म्हणून कोणी चार पैसे जास्त देत नाही आणि पिचले म्हणून कोणी कापत नाही, कारण ते कोणी पाहतच नाही. मी त्याला दोष देऊ शकलो नाही. दोष कामाच्या रीतीत आहे, आणि ही रीत बदलायला फार खर्च येत नाही, एवढेच मला या पत्रातून पटवून द्यायचे आहे.

पोकळ नळी वाकवताना का पिचते, हे पपईच्या पानाचा देठ ज्यांनी लहानपणी वाकवून पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे. देठ सुरुवातीला छान गोल वाकतो, मग एका ठिकाणी चपटा होतो आणि क्षणात तेथेच मोडतो. धातूच्या नळीचेही असेच होते. नळी वळली की वळणाच्या पाठीकडची भिंत ताणली जाते आणि पोटाकडची आखडते. अर्ध्या इंचाच्या, म्हणजे १२.७ मिलिमीटरच्या पाइपला काटकोनात वळवले तर पाठीची लांबी पोटाच्या लांबीपेक्षा सुमारे २० मिलिमीटर जास्त व्हावी लागते, आणि वळण मोठे घ्या की लहान, हा फरक तेवढाच राहतो. बदलते ते एवढेच, की हा ताण किती लांबीवर वाटला जातो. व्यासाच्या तिप्पट त्रिज्येच्या वळणात नळीचा मध्य फक्त ६० मिलिमीटर लांब असतो आणि तेवढ्यात पाठीला १० मिलिमीटर ताणावे लागते, म्हणजे जवळजवळ १७ टक्के. दहापट त्रिज्या घेतली तर तेच १० मिलिमीटर २०० मिलिमीटरवर पसरतात आणि ताण ५ टक्क्यांवर येतो. बसवताना कारागिराने अंगठ्याने दाबून केलेल्या वळणाची त्रिज्या तिपटीपेक्षाही कमी असते, आणि ते पिचण्याचे पहिले कारण हेच.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. ताणलेली पाठ सरळ जवळच्या वाटेने जाऊ पाहते, म्हणून आत दबते. आखडलेले पोट वळणाच्या केंद्रापासून दूर, पाठीकडे जाऊ पाहते, म्हणून तेही नळीच्या मध्याकडेच सरकते. दोन्ही बाजूंनी असे दाबले गेल्यावर गोल नळी अंडाकृती होते. आता लोखंडी पट्टी उभी धरली तर वाकत नाही आणि आडवी धरली की सहज वाकते, हे आपण सगळे जाणतो. अंडाकृती झालेली नळी त्या आडव्या पट्टीसारखी होते, तिचा वाकण्याला होणारा विरोध कमी होतो, त्यामुळे पुढचे सगळे वाकणे त्याच एका जागी गोळा होते, आणि मग हात थांबवेपर्यंत घडी पडून गेलेली असते. पातळ नळ्यांचे हे वागणे ब्रेझिअर या संशोधकाने १९२७ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात गणिताने मांडले. कारखान्यातल्या मिस्त्रींना त्याचे गणित माहीत नव्हते, पण त्याचे सार मात्र ते पिढ्यान्‌पिढ्या जाणून होते: वाकताना नळी गोल राखा, म्हणजे ती पिचणार नाही. पाइप वाकवण्याची आजवर निघालेली प्रत्येक युक्ती, अगदी मोटारींच्या कारखान्यातल्या संगणकावर चालणाऱ्या आणि नळीच्या पोटात सांध्यांचा दांडा घालून वळवणाऱ्या यंत्रापर्यंत, याच एका वाक्यातून निघाली आहे.

मी ज्या मिस्त्रींकडे उमेदवारी केली, त्यांच्याकडे फाटकांच्या कमानी आणि जिन्यांचे कठडे होत असत आणि वाकवण्यासाठी यंत्र नव्हते. ते नदीची बारीक वाळू चाळून घेत, लोखंडी परातीत ती इतकी भाजत की मूठभर वाळू कागदावर ठेवली तरी कागदाला ओल लागू नये, आणि मग एका टोकाला लाकडी बूच ठोकलेल्या पाइपात ती ओतत. ओतताना आम्हा मुलांचे काम म्हणजे पाइपला लाकडी हातोडीने सतत टकटक करत राहणे. वाळू खाली बसे, पुन्हा ओतायची, पुन्हा ठोकायचे, आणि आवाज पोकळ यायचा थांबून भरीव यायला लागला की दुसरे बूच. वाळू भाजण्यात कंटाळा करणाऱ्यावर ते फार रागावत, आणि त्याचे कारण मला नंतर कळले: ओलसर वाळूचा पाइप भट्टीत लाल झाला की आतल्या पाण्याची वाफ होते आणि बूच बंदुकीच्या गोळीसारखे उडते. बुचाला वाफ निघण्यासाठी ते बारीक भोकही ठेवत. मग पाइप भट्टीत घालून वळणापेक्षा थोडी जास्त लांबी सारखी लाल करायची आणि खुंट्या ठोकलेल्या जाड पाट्यावर सावकाश, एका दमात वळवायची. एखादी जागा जास्त वाकू लागली तर तेवढ्याच जागेवर पाणी टाकून ती थंड करायची, म्हणजे वाकणे पुढच्या लाल जागेकडे सरकते. वाळू नळीच्या भिंतींना आतून आधार देते, पाठीला आत दबू देत नाही आणि पोटाला फुगू देत नाही. पितळी वाद्ये करणारे कारागीर हाच आधार डांबरासारख्या राळेने देतात आणि वळण झाल्यावर ती वितळवून काढतात.

त्यांच्याकडून मिळालेल्या दोन सूचना आजही फॅब्रिकेशनच्या प्रत्येक दुकानात लिहून लावाव्यात अशा आहेत. पट्टी गोल करून शिलाईसारखी जोडलेल्या पाइपला लांबीभर जोडाची एक रेघ असते. वळवताना ती रेघ पाठीवर किंवा पोटावर न येता बाजूला यावी, कारण बाजूची भिंत जवळजवळ ताणली जात नाही आणि आखडतही नाही. दुसरी सूचना जिवाशी संबंधित आहे. जस्ताचा मुलामा असलेला जीआय पाइप कधीही लाल करून वाकवू नये. जस्त ९०७ अंश सेल्सियसला उकळते, भट्टीत त्याचा पांढरा धूर होतो आणि तो श्वासावाटे गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. असा ताप आलेली माणसे मी पाहिली आहेत. जीआय पाइपला थंडच, हायड्रॉलिक बेंडरवर योग्य मापाच्या डायने, म्हणजे साच्याने वळवावे, नाहीतर एल्बो, म्हणजे तयार वाकडा जोड वापरावा.

आता तांब्याकडे येतो, कारण घराघरात तेच आहे. एसीसाठी येणारे तांबे मऊ केलेले आणि वेटोळ्यात गुंडाळलेले असते, आणि त्याचा हा मऊपणा नेहमी टिकणारा नाही. तांबे वाकवले की वाकवलेल्या जागी ते कडक होते. तेच सरळ करून पुन्हा वाकवले की आणखी कडक. आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी ते तडकते किंवा पिचते. म्हणून वेटोळे बाजूने ओढून स्प्रिंगसारखे लांबवू नये. जमिनीवर उभे धरून, मोकळे टोक पायाने हलके दाबून, चाकासारखे लोळवत उलगडावे. मी वर्गात पहिल्या दिवशी हेच करून घेत असे, कारण अर्ध्याअधिक घड्या वळण घेताना पडतच नाहीत, वेटोळे उलगडताना आधीच पडलेल्या असतात. तांबे पुन्हा मऊ करायचे असेल तर मंद लाल होईपर्यंत तापवावे. तापवलेले पोलाद पाण्यात बुडवल्याने कडक होते, तसे तांबे होत नाही, त्यामुळे लगेच गार केले तरी चालते. मात्र गॅस भरलेल्या किंवा भिंतीवर बसवलेल्या पाइपवर हा प्रयोग कोणीही करू नये.

हाताने वळवायचे असेल तर मोठे वळण घ्यावे, व्यासाच्या निदान दहापट त्रिज्येचे. अर्ध्या इंचासाठी ते सुमारे १३ सेंटिमीटर होते. त्याहून लहान वळणासाठी आधार हवाच. सर्वांत साधा आधार म्हणजे बाहेरून चढवायची स्प्रिंग. ती पाइपवर सरकवायची, वळणाची जागा तिच्या मध्यावर येईल असे पाहायचे, गुडघ्यावर किंवा दोन्ही तळहातांत सावकाश वळवायचे, हवे त्यापेक्षा किंचित जास्त वळवून थोडे परत आणायचे, म्हणजे स्प्रिंग सैल होऊन निघते. जोडणीसाठी पाइपचे टोक फुलवून फ्लेअर काढण्यापूर्वीच हे काम उरकावे लागते, कारण फ्लेअर फुलल्यावर स्प्रिंग त्यावरून जात नाही. घराची वायरिंग करणारे इलेक्ट्रिशियन प्लास्टिकच्या पांढऱ्या पाइपच्या पोटात स्प्रिंग घालून रोज नेमके हेच करतात. तेथे आधार आतून, येथे बाहेरून, एवढाच फरक. यापेक्षा चांगले साधन म्हणजे दोन दांड्यांचा बेंडर, ज्याच्या गोल खाचेत पाइप अर्धा बुडतो आणि सरकत्या बुटाने तो दाबला जातो, त्यामुळे त्याला चपटे व्हायला जागाच उरत नाही. चार सुतीला चार सुतीचाच बेंडर लागतो. पाच सुतीच्या खाचेत चार सुतीचा पाइप घातला तर तो खाचेत सैल बसतो आणि पिचतोच. स्प्रिंगांचा संच काही शे रुपयांत मिळतो. एका चुकीच्या गॅस भरण्याला ग्राहकाला जेवढे पैसे पडतात, त्यापेक्षा तो महाग नाही.

पाइपच्या जाडीबद्दलही बोलले पाहिजे. दुकानात तांबे गेजवर विकले जाते आणि गेजचा आकडा वाढला की भिंत पातळ होते. २० गेज म्हणजे ०.९१ मिलिमीटर आणि २२ गेज म्हणजे ०.७१ मिलिमीटर. तांबे महाग झाल्यापासून कोटेशनमध्ये फक्त ‘तांब्याचा पाइप’ असे लिहून पातळ पाइप देण्याची प्रवृत्ती वाढली आहे. पातळ भिंत लवकर पिचते, म्हणून गेज लेखी मागावा.

पिचलेल्या वळणाने नेमके काय होते, हेही सांगणे आवश्यक आहे, कारण त्याचे निदान सर्रास चुकते. नळी चपटी होऊन तिची उंची निम्मी झाली तर आतली वाट सुमारे ३० टक्क्यांनी कमी होते. उंची पाव राहिली तर ६० टक्क्यांहून अधिक जाते. एसीच्या दोन पाइपांपैकी जाड पाइपमधून घरातल्या युनिटमधला गॅस बाहेरच्या युनिटमधल्या कॉम्प्रेसरकडे परत जातो. वाट अरुंद झाली की कॉम्प्रेसरपाशी दाब उतरतो, प्रत्येक फेरीत कमी गॅस खेचला जातो, थंडावा घटतो, आणि गॅसच्या याच प्रवाहावर ज्याची मोटार गार राहते तो कॉम्प्रेसर जास्त तापू लागतो. बाहेरच्या युनिटवर लावलेले गेज कमी दाब दाखवते, आणि गॅस कमी असला तरीही ते कमी दाबच दाखवते. दोन दुखण्यांचे लक्षण एकच असल्यामुळे कारागीर सोपा अर्थ घेतो. फरक ओळखायचा असेल तर पाइपवरून हात फिरवावा: जेथे अडथळा आहे त्याच्या अलीकडे आणि पलीकडे तापमान एकदम बदललेले जाणवते, पुष्कळदा तेथे दवही धरते. गळती तपासल्याशिवाय आणि वळणे पाहिल्याशिवाय गॅस भरायला ग्राहकाने होकार देऊ नये.

पिचलेला पाइप पकडीने बाजूने दाबून पुन्हा गोल करणे हा मी पाहिलेला सर्वांत वाईट उपाय आहे. घडीच्या जागी तांबे आधीच कडक झालेले असते, दाबताना तेथे डोळ्यांना न दिसणारी चीर पडते, आणि महिन्या-दोन महिन्यांनी कंपनाने ती उघडते. आजचे बहुतेक नवे एसी आर-३२ या वायूवर चालतात. त्याचा दाब पूर्वीच्या आर-२२ च्या दीडपटीहून अधिक असतो आणि तो थोडा ज्वलनशीलही आहे. बंद खोलीत अशी चीर उघडणे ही केवळ पैशांची बाब राहत नाही. घडी पडली तर तेवढा तुकडा कापून काढावा, मोठ्या त्रिज्येचे नवे वळण घ्यावे, आणि जोड द्यायचाच असेल तर नळीतून नायट्रोजन सोडत ब्रेझिंग, म्हणजे धातू वितळवून सांधणे, करावे, नाहीतर आत काळी खपली धरते आणि ती पुढे जाऊन बारीक नळीत अडकते. प्रत्येक जोड ही गळतीची एक शक्यता असते. म्हणूनच चांगला कारागीर एल्बोपेक्षा एकसंध वळण पसंत करतो.

घडी सर्वांत जास्त कोठे पडते, हे वाचकांनी लक्षात ठेवावे: घरातल्या युनिटच्या मागे, कारखान्यातून आलेल्या नळीच्या पहिल्या वीतभर लांबीत. भिंतीतले भोक ज्या बाजूला असेल त्या बाजूला ती नळी वळवावी लागते, जागा अडचणीची असते, आणि वळवून झाल्यावर युनिट खुंटीला लावले की ती कायमची नजरेआड जाते. एसी बसवायला माणूस आला की त्याला चहा जरूर द्यावा, आणि युनिट भिंतीला लावण्यापूर्वी व टेप गुंडाळण्यापूर्वी सगळी वळणे दाखवायला सांगावे. वळणाच्या पोटावरून अंगठा फिरवला तरी पुरते. चुणी किंवा सपाट जागा लागली तर तो तुकडा बदलून घ्यावा. हे सांगण्यात कारागिराचा अपमान नाही. चांगल्या कारागिराला आपले वळण कोणीतरी पाहिले याचा आनंदच होतो.

दुकानदारांना माझी विनंती आहे, की कारागिरांच्या प्रत्येक जोडीबरोबर दोन सुती, तीन सुती, चार सुती आणि पाच सुती मापांच्या स्प्रिंगा आणि निदान एक बेंडर द्यावा, आणि दिवसाला चार-पाच घरांची सक्ती करू नये. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत रेफ्रिजरेशन आणि वातानुकूलनाचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे, त्यात पाइप वाकवणे आहेही. पण तांबे महाग म्हणून एका तुकड्यावर दहा मुले हात फिरवतात आणि प्रात्यक्षिक संपते, हे मी स्वतः अनुभवले आहे. एकाच तुकड्यावर पुन्हा पुन्हा वळण घेतले की तो कडक होऊन पिचतो आणि दहाव्या मुलाला वाटते की त्याचा हातच वाईट आहे. स्थानिक एसी विक्रेत्यांनी जुन्या एसींची जागा बदलताना निघालेले पाइपचे तुकडे भंगारात न घालता संस्थांना द्यावेत. ते तापवून मऊ केले की सरावाला उत्तम चालतात.

बहिणीकडचा तो मुलगा त्यानंतर तीन रविवार माझ्याकडे येऊन गेला. तिसऱ्या रविवारी त्याने चार सुतीचे काटकोनी वळण स्प्रिंगने असे घेतले, की पोटावर नखही अडकले नाही. एसी बसवणाऱ्या आणखी कोणाला शिकायचे असेल आणि शहरातल्या एखाद्या शाळेने किंवा संस्थेने रविवारी सकाळी एक खोली दिली, तर मे महिना लागण्यापूर्वीचे सगळे रविवार मी देईन. स्प्रिंगा, बेंडर आणि पाइपचे तुकडे माझ्याकडे आहेत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्पनिदेशक,
अकोला